तुमच्या केसची तारीख लक्षात ठेवणारा कारकून, ज्याच्या नोकरीबद्दल सुप्रीम कोर्टातही वाद झाला

तालुक्याच्या कोर्टात सकाळी अकराच्या आसपास गेलात, तर काळ्या कोटांच्या गर्दीत साध्या शर्टातला एक माणूस हमखास दिसतो. काखेत फाइली, खिशात दोन-तीन पेनं, हातात जाडजूड डायरी. गावाकडून एसटीनं आलेला पक्षकार वकिलाच्याही आधी त्यालाच गाठतो.

"भाऊ, आज आपलं होईल का?"

भाऊ बोर्ड बघून आलेला असतो. "सत्तेचाळीस नंबरला आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर या."

हा वकिलाचा कारकून. अनेकांना तो कोर्टाचाच माणूस वाटतो, पण तसं नाही. कोर्टाचे लिपिक, शिरस्तेदार, नाझर, बेलीफ हे सरकारी पगारावर असतात. याचा पगार वकिलाच्या खिशातून येतो. लहान गावात नव्या वकिलांना पूर्णवेळ कारकून परवडत नाही. मग दोघं-तिघं मिळून एकच माणूस ठेवतात, नाहीतर कुणीतरी दुपारपर्यंत कोर्टाचं काम करतो आणि उरलेल्या वेळात झेरॉक्स-टायपिंगचं दुकान किंवा शेती बघतो. तीन वकील, तीन डायऱ्या आणि पुकारा मात्र एकाच वेळी दोन कोर्टांत! अशा वेळी धावतो तो हाच.

काम काय असतं? वकीलपत्रावर कोर्ट फीचा स्टॅम्प लावायचा, दावा दाखल करायचा, हरकत निघाली तर दुरुस्त करून परत द्यायचा, समन्सचा भत्ता भरायचा, बेलिफाकडे चौकशी करायची, रोजनामा बघून पुढची तारीख टिपायची. न्यायाधीशांसमोर उभं राहून बाजू मांडणं मात्र त्याचं काम नाही. वकिलीचा हक्क ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ नं वकिलांपुरता ठेवलाय.

यात सगळ्यात नाजूक काम म्हणजे नक्कल काढणं. ऐकायला फालतू वाटतं, पण इथेच केस जाऊ शकते.

समजा, तालुक्याच्या दिवाणी कोर्टात जमिनीच्या दाव्याचा निकाल विरोधात गेला. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात. अपिलाला निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून मुदत कायदा, १९६३ चं कलम १२ सवलत देतं. नक्कल तयार करायला लागलेला वेळ ३० दिवसांत धरत नाहीत.

पण हे मीटर कधी थांबतं? नकलेचा अर्ज दिल्यावर. आणि पुन्हा कधी सुरू होतं? नक्कल तयार झाली की. कारकुनानं दहाव्या दिवशी अर्ज दिला आणि नक्कल बारा दिवसांनी तयार झाली, तर ते बारा दिवस वजा होतात. पण तयार झालेली नक्कल तो आठ दिवस आणायलाच गेला नाही, तर ते आठ दिवस पक्षकाराच्या खात्यातून जातात. मुदत उलटली की विलंब माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचं म्हणणं, त्यावर सुनावणी. मूळ वाद बाजूला आणि भांडण उशिरावर. म्हणून मुरलेला कारकून निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज देऊन मोकळा होतो.

इतकं सगळं ज्याच्यावर अवलंबून, त्याला कामगार म्हणून संरक्षण काय? हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाय.

पहिली लढाई मुंबईतलीच. एका सॉलिसिटर फर्मच्या कर्मचाऱ्यांना बोनस हवा होता. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सॉलिसिटरची फर्म हा 'उद्योग' नाही. त्यामागचा विचार असा, की पक्षकार येतो तो सॉलिसिटरच्या बुद्धीसाठी, कारकुनाच्या कामाचा त्या सेवेशी थेट संबंध नाही. (निकाल लिहिला होता मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी.) नकलेच्या खिडकीवर रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही हे पटायला जड जाईल.

१९७८ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं 'उद्योगा'ची व्याख्या मोठी केली आणि अशा फर्म त्यात आल्या. पण एखादा मदतनीस ठेवून एकट्यानं वकिली करणारा माणूस उद्योग चालवतो असं म्हणता येणार नाही, हेही त्यातच लिहिलं. म्हणजे तालुक्याचा कारकून पुन्हा बाहेरच. पुढे १९८४ मध्ये केरळच्या एका वकिली फर्ममधल्या कारकुनाचं प्रकरण आलं. तिथल्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली वकिलाचं ऑफिस हे दुकानही नाही आणि व्यापारी आस्थापनाही नाही, असा निकाल लागला.

आता तर डायरीचं महत्त्वही कमी होतंय. ई-कोर्ट्सच्या ॲपवर केसचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख पक्षकाराला घरबसल्या दिसते. 'भाऊ, तारीख काय पडली?' हा फोन कमी झाला. त्याच्या जागी ई-फायलिंग आलं, म्हणजे पानं स्कॅन करा, पीडीएफ जोडा, अपलोड करा. ज्याला हे जमलं तो टिकला. पन्नाशी ओलांडलेल्या कारकुनाला मात्र हेच काम मुलाकडून नाहीतर सायबर कॅफेतून करून घ्यावं लागतं.

काही राज्यांनी यावर वेगळी वाट काढली. आंध्र प्रदेशनं १९९२ मध्ये आणि केरळनं २००३ मध्ये वकिलांच्या कारकुनांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. केरळात त्यासाठी वेगळा स्टॅम्पच आहे. तो लागला की थोडे पैसे कारकुनांच्या निधीत जमा होतात.