तलवार घ्या, तलवार म्यान करा

छावणी म्हटली की लष्कर आलेच, आणि छावणी इंग्रजांची असेल तर चर्चही. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतले ख्राइस्ट चर्च त्याच परंपरेतले. जून १८५७ मध्ये इथल्या हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने बंड केले. त्यातल्या शिपायांना दिलेल्या देहदंडाची आठवण क्रांती चौकातला काळा चबुतरा आजही करून देतो. शिक्षा फर्मावणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या बायबलमध्ये शत्रूवर प्रीती करण्याचा उपदेश होता. यरीहो नगरातल्या सरसकट कत्तलीची हकिकतही त्याच बायबलमध्ये होती.

या बंडाच्या महिनाभर आधी, १० मे रोजी मेरठला ठिणगी पडली तो रविवार होता, वेळ संध्याकाळच्या उपासनेची. पुढे गोऱ्या पलटणी चर्चलाही बंदुका घेऊन जाऊ लागल्या. उत्तरेतल्या काही छावण्यांमधल्या चर्चच्या बाकांना बंदूक टेकवण्यासाठी पाडलेल्या खाचा अजून दिसतात.

बायबलमध्येही अशा खाचा बऱ्याच आहेत. यशया आणि मीखा हे संदेष्टे तलवारी मोडून नांगराचे फाळ होतील, असे स्वप्न पाहतात. योएल नेमके उलटे करायला सांगतो. दाविदाच्या लढायांना देवाचे पाठबळ असते, पण मंदिर बांधायची वेळ येते तेव्हा ‘तू फार रक्त सांडलेस’ म्हणून त्यालाच नकार मिळतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात काही नगरांत कोणालाही जिवंत ठेवू नका, अशी आज्ञा आहे. लगेच पुढे वेढा घालताना फळझाडे तोडू नका, अशी ताकीदही आहे!

येशूच्या अटकेची रात्र तर विलक्षणच. लूकच्या वृत्तांतात जेवणानंतर तो शिष्यांना अंगरखा विकून तलवार घ्यायला सांगतो. काही वेळाने एक शिष्य खरोखरच तलवार चालवून महायाजकाच्या दासाचा कान कापतो, तेव्हा येशू त्याला थांबवतो आणि तो कान बरा करतो.

बायबल हा अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिलेला ग्रंथसंग्रह आहे. कोणी स्वतःचे राज्य असताना लिहिले, कोणी परक्या फौजेच्या टाचेखाली. त्यामुळे बऱ्याच विसंगतींचा उलगडा होतो. यरीहोचा मात्र होत नाही; संदर्भाची कितीही सारवासारव केली तरी तिथली मुले मारलेलीच राहतात. दुसऱ्या शतकात मार्सियनने, यरीहोची हकिकत ज्यात आहे तो जुना करारच नाकारून टाकला. चर्चने तो ठेवला आणि मार्सियनला बाहेर काढले.

पेच तिथेच राहिला. क्वेकर आणि मेनोनाइट पंथांनी युद्धालाच नकार दिला. भारतीय लष्करात मात्र पंडित, मौलवी, ग्रंथी यांच्याप्रमाणे पाद्रीही धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. अशा पाद्रीला लूकच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार आहे. ‘आम्ही काय करावे?’ असे शिपाई बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारतात. नोकरी सोडा, असे तो म्हणत नाही. लोकांना लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, एवढेच तो सांगतो. त्यातले पगाराचे कलम शिपायांना कितपत रुचले, हे लूकने लिहिलेले नाही.