विमा काढायची वेळ आजाराच्या आधीची

मध्यरात्री छातीत कळ येते, घामाने सदरा भिजतो आणि घरचे माणसाला जवळच्या खासगी रुग्णालयात नेतात. ईसीजी होतो न होतो तोच काउंटरवरून विचारणा होते, ‘मेडिक्लेम आहे का?’ नाही म्हटलं की पुढचा शब्द असतो डिपॉझिट. मग मेहुण्याला, मित्राला, गावाकडच्या भावाला फोन सुरू होतात. सकाळी घरातलं कुणीतरी पाटल्या रुमालात बांधून सोनेतारण कर्ज देणाऱ्या शाखेचं शटर उघडायची वाट बघत उभं असतं.

हृदयविकाराचं उदाहरण मुद्दाम घेतलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला कमाल मर्यादा घातली आणि औषधाचा लेप असलेल्या स्टेंटचा दर २९,६०० रुपयांवर आणला. निर्णय चांगलाच होता. पण अँजिओप्लास्टीच्या बिलात स्टेंट ही एकच ओळ असते. कॅथलॅब, आयसीयू, डॉक्टरांची फी आणि खोलीभाडं यांना तसा लगाम नाही. म्हणून स्टेंट स्वस्त होऊनही मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात एकूण बिल लाखांतच जातं.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या सुमारे १४ टक्के आणि शहरी भागातल्या १९ टक्के लोकांनाच आरोग्यखर्चाचं काही ना काही संरक्षण होतं. त्यानंतर आयुष्मान भारत योजना आली, परिस्थिती सुधारली. तरीही २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के पैसा लोकांच्या खिशातूनच गेला.

कर्जाबद्दल आपण बोलतो, पण मला त्याहून मोठं नुकसान वेगळं वाटतं. विमा नसलेल्या घरात उपचाराचा निर्णय आजार बघून होत नाही, हातातला पैसा बघून होतो. गाठ लागते, पण ‘दिवाळीनंतर दाखवू’ म्हणून राहून जातं. केमोच्या दोन चक्रांमधलं अंतर वाढतं. डिस्चार्ज दोन दिवस आधी मागून घेतला जातो. कर्ज पाच वर्षांत फिटतं, वाया गेलेले हे महिने परत मिळत नाहीत.

‘गरज पडली की काढू’ हा विचार नेमका इथे उलटतो. पॉलिसी घेतल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडला तर सहसा काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल यांसारख्या ठरावीक उपचारांना वेगळा प्रतीक्षा कालावधी असतो. आणि पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांसाठी हा कालावधी ३ वर्षांपर्यंत असू शकतो. २०२४ च्या आधी तो ४ वर्षांपर्यंत होता.

समजा, पंचेचाळिशीतल्या गृहस्थांच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि त्या धसक्याने त्यांनी विमा घेतला. मधुमेहातून पुढे मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला, तर नेमका तोच खर्च सुरुवातीची काही वर्षं त्यांना स्वतः करावा लागू शकतो. शिवाय हप्ता वाढतो तो निराळाच. हेच कागद त्यांनी पस्तिशीत, धडधाकट असताना केले असते, तर तो कालावधी कुणाला न जाणवता सरला असता.

आणखी एक सल्ला हमखास ऐकू येतो, ‘फॉर्मवर बीपी-शुगर लिहू नका.’ कृपा करून तो मानू नका. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. त्याआधी मात्र न सांगितलेली एक गोळीही दावा फेटाळायला पुरते.

नोकरदारांचा भरवसा कंपनीच्या गटविम्यावर असतो. तो नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, आजार मागे लागायच्या वयात, हातात काहीच उरत नाही. तेव्हा गटविमा असतानाच स्वतःची छोटी का होईना, वेगळी पॉलिसी असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे.

हप्ता परवडतच नसेल तर? विम्याची जाहिरात हा प्रश्न टाळते, पण निम्म्या महाराष्ट्राचा प्रश्न तोच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता रेशनकार्डाचा रंग न बघता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अट अशी की रुग्णालय योजनेत असावं आणि उपचार यादीत असावा. मध्यरात्री रिक्षात बसल्यावर ही चौकशी होत नाही. आपल्या भागातलं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, तिथे आरोग्यमित्राचा कक्ष कुठे आहे, हे आजच विचारून ठेवावं.

धर्मादाय रुग्णालयांचंही तसंच. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये ठरवण्यात आली. ही सवलत कायद्याने मिळालेली आहे. ती मागताना संकोच करायचं कारण नाही.

विमा सगळं भरून देत नाही. दर महिन्याच्या गोळ्या, ओपीडीची फी, रोजचा बुडालेला पगार बहुधा त्याच्या बाहेरच राहतो. म्हणून सरकारी रुग्णालयं सुधारण्याची मागणी सोडून चालणार नाही. पण ती सुधारेपर्यंत घर उघड्यावर ठेवणंही बरोबर नाही.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर निदान एवढं याच आठवड्यात करा. आधार कार्ड घेऊन त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही आणि आधीच्या आजारांसाठी थांबावंही लागत नाही.