सर्व्हरवरच्या घरच्या पॅकेजची निगा

डेबियन या मुक्त कार्यप्रणालीची तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली, तेव्हा तिच्या भांडारात एकोणसत्तर हजारांहून अधिक पॅकेजे होती. पॅकेज म्हणजे कंपाइल करून, तपासून, नाव आणि क्रमांक देऊन बांधलेले सॉफ्टवेअर. वेबसर्व्हर हवा असेल, डेटाबेस हवा असेल, तर एक आज्ञा द्यायची. त्याला लागणारे बाकीचे सगळे सामान मागोमाग येते. उद्या त्यात सुरक्षेची चूक सापडली, तर दुरुस्त पॅकेजही त्याच वाटेने येते. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक हे काम करत आले आहेत. तरीही सर्व्हर सांभाळणाऱ्यावर कधी ना कधी अशी वेळ येते की भांडारातले पॅकेज पुरे पडत नाही. हवे ते मॉड्यूल त्यात नसते, किंवा आवृत्ती जुनी असते, किंवा आपल्या कामासाठी कोडमधल्या चार ओळी बदलायच्या असतात. सोर्स कोड हाताशी असतो, तो बदलण्याचा हक्कही परवान्याने दिलेला असतो. मग पॅकेज घरीच बांधले जाते. माझे म्हणणे असे आहे की त्या दिवशी संस्थेत एक नवी जबाबदारी जन्माला येते, आणि ती कोणाच्याच नावावर न लिहिल्यामुळे पुढचे बहुतेक धोके उभे राहतात.

ही जबाबदारी नेमकी कोणती, हे ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालेल्या ‘हार्टब्लीड’ या दोषावरून कळते. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली ती चूक होती. तिच्यातून सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड आणि खासगी किल्ल्यासुद्धा बाहेर झिरपू शकत होत्या. मूळ प्रकल्पाने दुरुस्तीसह नवी आवृत्ती काढली. डेबियनने मात्र आपल्या स्थिर शाखेत ती नवी आवृत्ती घातली नाही. तिच्यातली फक्त दुरुस्ती उचलून आपल्या जुन्या आवृत्तीत बसवली, म्हणजे सर्व्हरवरचे बाकी काही बिघडू नये. डेबियन वापरणाऱ्याला एवढेच करायचे होते की अपडेट घ्यायचे, संबंधित सेवा पुन्हा सुरू करायच्या आणि किल्ल्या बदलायच्या. ज्याने ओपनएसएसएल घरी कंपाइल केले होते, त्याला आधी ही बातमी कळायला हवी होती, मग आपल्या कोणत्या मशीनवर कोणती बांधणी आहे हे आठवायला हवे होते, मग दुरुस्ती शोधून, पुन्हा बांधून, तपासून ती सगळीकडे पोचवायला हवी होती. बांधणी एका दुपारी होते. बातमीवर लक्ष ठेवण्याचे काम सर्व्हर चालू असेपर्यंत संपत नाही, आणि भांडारातल्या पॅकेजसाठी ते कोणीतरी मेंटेनर आपल्या नकळत करत असतो.

घरचे पॅकेज या व्यवस्थेतून किती गुपचूप निसटते, ते आवृत्तीच्या क्रमांकात दिसते. समजा भांडारातल्या पॅकेजच्या क्रमांकाचा शेवट ९ असा आहे. आपण त्यात बदल केला आणि ओळखू यावे म्हणून शेवटी अधिक चिन्ह देऊन रोमन लिपीत ‘लोकल१’ जोडले. हे अगदी स्वाभाविक आहे, पुष्कळ जण असेच करतात. काही महिन्यांनी डेबियन त्याच पॅकेजची सुरक्षा-दुरुस्ती काढते. डेबियन १२ च्या प्रघातानुसार तिच्या शेवटी ‘डेब१२यू१’ असते. आता दोन्हींपैकी नवे कोणते, हे मशीन अक्षरे जुळवून ठरवते. रोमन वर्णक्रमात डी आधी आणि एल नंतर, म्हणून आपले जुने, सदोष पॅकेजच मशीनला नवे वाटते. दुरुस्ती भांडारात येऊन पडलेली असते, अपडेटची आज्ञा रोज चालते, ‘सगळे अद्ययावत आहे’ असे उत्तर मिळते, आणि भोक तसेच राहते. उलट, डीच्या आधी येणारे एखादे अक्षर निवडले, तर दुरुस्त पॅकेज येईल पण आपला बदल पुसून टाकेल. ज्या मॉड्यूलसाठी खटाटोप केला तेच एका सकाळी नाहीसे झालेले असेल. दोन्हींत मला दुसरी वाट बरी वाटते, कारण बंद पडलेली सेवा निदान ओरडून सांगते. पण हा निर्णय कोणीतरी जाणून घ्यायला हवा. तो अक्षरक्रमावर सोडून चालत नाही.

नोंद नसलेले सॉफ्टवेअर केवढे महाग पडू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे आहे. वेब-अॅप्लिकेशने बांधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अपाचे स्ट्रट्समधल्या गंभीर दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध होती. घुसखोरी मेमध्ये सुरू झाली, जुलैअखेर लक्षात आली, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीने दोष असलेल्या जागा शोधण्यासाठी तपासणी चालवली होती, पण त्या तपासणीला ते स्ट्रट्स सापडलेच नाही. ते कार्यप्रणालीचे पॅकेज नव्हते, अॅप्लिकेशनच्या पोटात बसलेले होते. घरी बांधून कुठल्याशा फोल्डरात टाकलेल्या सॉफ्टवेअरची स्थिती याहून वेगळी नसते. म्हणून घरी बांधायचेच असेल, तर निदान ते रीतसर पॅकेज म्हणून बांधावे, म्हणजे ‘या मशीनवर काय काय आहे’ या प्रश्नाच्या उत्तरात त्याचे नाव तरी येईल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की अडचण मुळात कोडला हात लावण्यातच आहे, लावूच नका. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द डेबियनच्या इतिहासात आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये एक छोटा बदल झाला. कोड तपासणारे एक साधन सतत इशारे देत होते, ते थांबावेत म्हणून मेंटेनरने संबंधित ओळ काढली. काढण्यापूर्वी मूळ प्रकल्पाच्या लोकांकडे विचारणाही केली होती. पण त्या बदलासोबत किल्ली बनवताना लागणारी यदृच्छता, म्हणजे अंदाज बांधता येऊ नये म्हणून मिसळलेले आकडे, जवळजवळ सगळी गेली. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, आणि तो बहुतेक मशीनवर ३२,७६८ च्या आत असे. म्हणजे ज्या किल्लीचा अंदाज कोणालाही बांधता येऊ नये, ती काही हजारांच्या यादीतून शोधता येऊ लागली. १३ मे २००८ रोजी हे जाहीर झाले, तोवर डेबियन आणि उबुंटूवर जवळजवळ दोन वर्षे अशा किल्ल्या बनत होत्या. जाणत्या मेंटेनरकडून, उघड्यावर ठेवलेल्या कोडमध्ये हे घडले. मग दोनच माणसांनी पाहिलेल्या घरच्या बदलाबद्दल आपण किती निर्धास्त राहावे?

पण यावरून ‘मूळ प्रकल्पाची ताजी आवृत्ती जशीच्या तशी घ्या’ असा निष्कर्ष निघत नाही. २९ मार्च २०२४ ला आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने उघड केलेले प्रकरण नेमके ताज्या आवृत्तीत होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पिच्छा पुरवताना त्यांना एक्सझेड युटिल्स या फाइली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. जिया टॅन या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदत करून त्या प्रकल्पात विश्वास मिळवला होता. चोरवाट चालू करणारा भाग सर्वांना दिसणाऱ्या कोडभांडारात नव्हता. फक्त प्रकाशित केलेल्या गाठोड्यात होता, आणि डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचे पॅकेज बांधले जात असेल तरच तो जागा होई. ती सदोष आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचली, स्थिर शाखेत शिरली नाही. सावकाशपणाने तिथे रक्षण केले. मात्र याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. एसएसएच सर्व्हरला एक्सझेडची स्वतःची काही गरज नाही. डेबियन, फेडोरा यांसारख्यांनी सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीशी बोलता यावे म्हणून त्यात एक पॅच घातला होता, आणि त्या पॅचमागून एक्सझेडची लायब्ररी आत ओढली गेली. सोयीसाठी केलेल्या एका बदलाने हल्लेखोराला उंबरठा मिळाला. म्हणून मला प्रत्येक पॅचचे कारण लिहून ठेवणे आणि दर अपडेटला ‘हा अजून हवाच का’ असे विचारणे आवश्यक वाटते.

कंटेनर आले, आता पॅकेजची चिंता कशाला, असेही म्हटले जाते. कंटेनरच्या आत तीच पॅकेजे असतात. प्रतिमा बनवली त्या दिवशीच्या अवस्थेत ती थिजलेली असतात. प्रतिमा पुन्हा बांधली नाही तर दुरुस्ती आत जात नाही. काम तेच राहते, फक्त जागा बदलते.

सर्वांत जोरकस आक्षेप सेंटओएस या रेड हॅटच्या कार्यप्रणालीच्या मोफत प्रतिरूपाच्या अनुभवातून येतो. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने जाहीर केले की सेंटओएस ८ चा आधार २०२१ च्या अखेरीस संपेल. २०२९ पर्यंतची निश्चिंती गृहीत धरलेल्यांच्या हाती वर्षभराचा अवधी उरला. दुसऱ्याच्या भांडारावर विसंबून राहिलात तर असे होते, म्हणून सगळे आपल्या ताब्यात घ्या, असा हा युक्तिवाद आहे. रोष समजण्यासारखा होता. पण त्यानंतर टिकाऊ उत्तर कोणी दिले? रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स या सामायिक प्रकल्पांनी. पुष्कळांचा भार एकत्र आल्यामुळे त्यांना मेंटेनर मिळाले, चाचण्या मिळाल्या. एकट्या संस्थेने हजारो पॅकेजे स्वतःकडे घेणे परवडणारे नाही, हेच तिथे दिसले. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्सही डेबियनच्याच पायावर उभी आहे. त्यामुळे पायाचे काम तिथले मेंटेनर करतात आणि वेगळेपणापुरते श्रम इथे करावे लागतात.

घरच्या पॅकेजचे प्रमाणही असेच राखावे लागते. भांडारातलेच सोर्स पॅकेज घ्यावे, आपला बदल त्यात न मिसळता वेगळ्या पॅच फाइलीत ठेवावा, पॅकेज कोऱ्या मशीनवर बांधावे, म्हणजे बांधणाऱ्याच्या संगणकावर चुकून असलेल्या गोष्टींवर काही अवलंबून राहत नाही, आणि स्वाक्षरी करून आपल्या छोट्या भांडारातून वाटावे. यातले सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे तो बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवणे. त्याला उपकार समजले जाते, पण त्यात आपलाही स्वार्थ आहे: बदल तिथे स्वीकारला गेला की तो सांभाळण्याचे ओझे आपल्या खांद्यावरून उतरते, आणि नाकारला गेला तर त्यातली खोट बहुधा फुकट कळते. डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ अखेर संपतो. आज त्यावर जी घरची पॅकेजे चालू आहेत, त्यांतले प्रत्येक त्या तारखेपूर्वी नव्या लायब्रऱ्यांवर पुन्हा बांधावे लागेल, किंवा सोडून द्यावे लागेल. आणि त्यासाठी कोणत्या पॅकेजमागे कोणाचे नाव आहे, याची यादी आताच हाताशी हवी.