डोंगरावरील सुटी व आगगाडीचें तिकीट

परीक्षा आटोपून निकाल लागावयाचा असतो, त्या मधल्या दिवसांत घरोघरीं एकच प्रश्न निघतो, "यंदा कोठें जावयाचें?" आमच्या सातारा-सांगलीकडील मंडळींस डोंगर कांहीं दूर नाहींत. महाबळेश्वर व पांचगणी सातारा जिल्ह्यांतच आहेत. मोटारी सुरू होण्यापूर्वीं मुंबई-पुण्याचे लोक वाठार स्टेशनावर उतरून टांग्यानें वाईवरून तो घाट चढत. आज एस. टी.ची गाडी थेट वर जाते, तेव्हां त्या प्रवासाविषयीं येथें लिहिण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या कुटुंबास तंबू, वळकट्या व स्वयंपाकाचीं भांडीं घेऊन माथेरानकडे किंवा थेट सिमल्याच्या बाजूस चार दिवस राहावयाचें आहे, त्यास तिकिटाचा विचार घरींच केला पाहिजे. आम्हीं तो एकदां अर्धवट केला व त्याचें फळ सर्वांनीं भोगलें. म्हणून हे चार शब्द.

कित्येक पालक आम्हांस विचारतात कीं, युरोपांतल्यासारखा सुटीचा पास आपल्याकडे नाहीं काय? युरोपांत १९७२ सालीं तरुणांकरितां 'इंटररेल' पास निघाला. तो घेतला म्हणजे ठरल्या मुदतींत अनेक देशांतून हिंडतां येतें. आपल्या रेल्वेचा 'इंडरेल' पास असे, पण तो परदेशी पाहुणे व परदेशस्थ भारतीय यांच्यासाठीं होता, व आतां तोही बंद झाला आहे. मासिक पास मिळतो तो दोन ठराविक स्टेशनांमधील नित्याच्या जाण्यायेण्यासाठीं. मिरजेकडील रेल्वेच्या नोकरांस कुटुंबासह पास मिळतो, त्यांचें भाग्य वेगळें! इतरांनीं पासाचा नाद सोडून एका कागदावर आपल्या प्रवासाची रेघ ओढून पाहावी. त्या रेघेच्या आकारावरून तिकीट ठरतें.

रेघ सरळ असेल, म्हणजे गेलों त्याच वाटेनें यावयाचें असेल, तर साधें तिकीट पुरें. मात्र तें शक्यतों एकसंध काढावें. रेल्वेचा दर असा आहे कीं, अंतर वाढत जाईल तसतसा दर किलोमीटरचा आकार कमी होत जातो. सांगलीहून दिल्लीचें एक तिकीट व सांगली-पुणें आणि पुणें-दिल्ली अशीं दोन तिकिटें यांत म्हणून फरक पडतो. शिवाय आरक्षणाचा आकार दोनदां द्यावा लागतो. वाटेंत थांबावयाचें असेल तर ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या तिकिटावर तशी मुभा आहे, पण पहिला मुक्काम ५०० किलोमीटर ओलांडल्यावरच करतां येतो, व एका ठिकाणीं दोनच दिवस. सांगलीपासून मुंबईपर्यंत ५०० किलोमीटर भरत नाहींत. तेव्हां मुंबईचें तिकीट काढून पुण्यास मावशीकडे दोन दिवस राहूं म्हणणाऱ्यांनीं तो बेत सोडावा.

रेघ वळसा घेऊन पुनः घरींच येत असेल तर वर्तुळप्रवासाचें तिकीट मिळतें. त्यास रेल्वेंत 'सर्क्युलर जर्नी'चें तिकीट म्हणतात. उदाहरणार्थ, सांगलीहून पुणें, मनमाड, भोपाळ या वाटेनें दिल्ली गांठावी आणि परततांना कोटा, बडोदें, मुंबई या वाटेनें यावें. एकूण अंतराचे दोन समान भाग धरून भाडें आकारतात, म्हणून लांबच्या दराचा लाभ मिळतो, आणि वाटेंत आठ ठिकाणांपर्यंत उतरतां येतें. मात्र मार्ग लिहून देऊन मोठ्या स्टेशनावरून किंवा विभागीय कचेरींतून तो आधीं मंजूर करून घ्यावा लागतो. नंतर प्रत्येक टप्प्याचें आरक्षण निराळें. ज्यांना धांवपळ सोसत नाहीं त्यांनीं या वाटेस जाऊं नये.

आतां आमची हकीकत. आम्ही पांच जण माथेरानला निघालों होतों: आम्ही उभयतां, थोरला मुलगा व दोन लहान मुली. ५ ते १२ वर्षांच्या मुलांस निजावयास स्वतंत्र जागा नको असेल तर अर्धें भाडें पडतें; जागा हवी असेल तर २०१६ पासून पुरें. एका स्नेह्यांनीं सुचविलें, "मुलगा उंचीनें लहान दिसतो, अकरा सांगा." आरक्षणाच्या कागदावर वयाच्या रकान्यापाशीं आमची लेखणी क्षणभर थांबली, हें कबूल केलें पाहिजे. मुलगा शेजारींच उभा होता. तो म्हणाला, "बाबा, जानेवारींत मला बारा पुरीं झालीं ना?" आम्हीं बारा लिहिलें.

पण मुलींच्या बाबतींत आम्हीं जागा वांचविली. दोघींस अर्धीं तिकिटें काढलीं. हिशेबानें एका मोठ्या माणसाचें भाडें वांचलें. रात्रीच्या गाडींत त्या आईच्या फळीवर निजल्या व त्यांच्या मातोश्रींनीं त्यांचे पाय मांडीवर घेऊन सबंध रात्र बसून काढली. सकाळीं नेरळला १९०७ सालीं सुरू झालेल्या त्या छोट्या गाडीच्या तिकिटासाठीं रांगेंत उभें राहावें लागलें, आणि वर पोंचतांच त्यांस ताप भरला. दोन दिवस त्या अंथरुणावर होत्या. स्वयंपाक आम्हीं केला. त्या पिठल्याविषयीं जास्त न बोलणें बरें. परततांना पांचांचीं पुरीं तिकिटें काढून घेतलीं.

सामानासंबंधीं एक सूचना. निजण्याच्या साध्या डब्यांत माणशीं ४० किलोपर्यंत सामान फुकट नेतां येतें व अर्ध्या तिकिटावर त्याच्या निम्में, तेव्हां तंबूचा भार मोठ्यांच्या तिकिटांत बसवावा. रॉकेल व गॅसची टाकी गाडींत नेण्यास सक्त मनाई आहे. स्टोव्ह रिकामा न्यावा, तेल वर विकत घ्यावें. तंबूचे बांबू लांब असतात, ते गोणपाटांत गुंडाळून बाकाखालीं सरकवावे. आणि आरक्षण ६० दिवस आधीं खुलें होतें, म्हणून १ मे रोजीं निघावयाचें असेल तर मार्चच्या आरंभींच, मुलें अभ्यासांत असतांनाच, हा सर्व खटाटोप उरकावा लागतो.