अगस्त्य उगवतो, पाणी निवळते

आश्विनात विहिरीत डोकावून पाहावे. आषाढात चहासारखे दिसणारे पाणी इतके नितळ होते की बुडालेल्या पायऱ्याही मोजता येतात. शरदातल्या अशा पाण्याला आयुर्वेदाने खास नाव दिले आहे : हंसोदक. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा. त्यात त्याचे वर्णन येते. दिवसा उन्हाने तापलेले, रात्री चांदण्याने निवलेले, काळाने परिपक्व झालेले आणि अगस्त्याच्या ताऱ्याने निर्विष केलेले पाणी.

तीनशेहून अधिक प्रकाशवर्षे दूरचा तारा पाणी कसे शुद्ध करील? माझ्या मते इथे अगस्त्य पंचांगाचे काम करतो. ऑगस्टात तो पहाटेच्या आकाशात परततो. आपल्याकडे ढगांतून नीट दिसतो तो सप्टेंबरात. तेव्हाच पाऊस ओसरतो आणि ओढ्यांतला गाळ तळाशी बसू लागतो. रात्रीचा गारवाही चंद्राचा नव्हे. आभाळ मोकळे झाले की जमिनीची उष्णता अडत नाही, ती निघून जाते.

उन्हाचे काम मात्र खरेच आहे. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण जंतूंना मारतात. पारदर्शक बाटलीत पाणी भरून ती ६ तास कडक उन्हात ठेवायची, ही ‘सोडिस’ पद्धत अनेक देशांत वापरली जाते. तिची मोठी अट म्हणजे पाणी गढूळ नको, कारण गढूळ पाण्यात किरण खोल शिरत नाहीत. श्रावणात ढगही असतात आणि गाळही. शरदात दोन्ही सरतात. वाग्भटांचे ‘अष्टांगहृदय’ पावसाळ्यात नदीचे पाणी टाळायला आणि उकळलेले पाणी प्यायला सांगते, ते किती नेमके आहे!

ही सारी व्यवस्था गाळ आणि जंतू यांच्यापुरती होती. ऊन शिसे काढत नाही, कीटकनाशकेही काढत नाही. उकळूनही ती जात नाहीत. सांडपाणी आणि शेतातली रसायने उतरणारा ओढा आश्विनात नितळ दिसेल, पण त्याला हंसोदक म्हणता येणार नाही. ते हवे असेल तर ओढ्याचा उगम आणि काठ आधी जपावे लागतील.

अगस्त्य मात्र आजही वेळेवर येतो. सप्टेंबरअखेर, उजाडण्याआधी, तो बरोबर दक्षिणेला असतो. पुण्यातून तो क्षितिजावर जेमतेम १९ अंश चढतो, म्हणून दक्षिणेला डोंगर किंवा इमारत आड नसलेली जागा निवडावी.