इंजिनाला ताप आला तर?

घरात कुणाचे अंग गरम लागले की आई आधी थर्मामीटर लावते. मग डॉक्टर विचारतात, "ताप कधीपासून? सकाळी असतो की संध्याकाळी?" ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे. इंजिनाचा तापही असाच शोधावा लागतो.

बारामतीच्या पिआजिओ कारखान्यात २०१२ सालापासून व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागल्या. या स्कूटरला रेडिएटर नसतो, त्यात पाणी घालावे लागत नाही. सिलिंडरभोवती पातळ धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फिन म्हणतात. इंजिनाबरोबर फिरणारा पंखा त्यांवरून वारा ढकलतो. आत ज्वालेचे तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते! ही उष्णता सतत बाहेर काढली जाते, म्हणून इंजिन टिकते. वारा काही उष्णता नेतो आणि काही वंगणाचे तेल नेते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांपैकी जगभर नावाजलेले इंजिन म्हणजे जर्मनीच्या पोर्शे ९११ या वेगवान मोटारीचे. १९६३ साली ही गाडी प्रथम लोकांसमोर आली आणि १९९८ पर्यंत तिचे इंजिन हवा आणि तेल यांच्याच भरवशावर चालले. तिच्यात तेलाचे तापमान दाखवणारा काटा असतो.

समजा, अशी एक जुनी गाडी मार्च महिन्यातल्या दुपारी बारामतीहून इंदापूरला निघाली. भवानीनगर मागे पडले आणि काटा लाल खुणेकडे सरकू लागला. आता काय करायचे?

पहिले काम, गाडी सावलीत थांबवून इंजिन बंद करायचे. तेल तापले की पातळ होते. धातूच्या दोन भागांमध्ये तेलाचा जो अतिशय पातळ थर असतो तो तुटला, तर धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होते. शिवाय फार तापलेले तेल लवकर खराबही होते.

दुसरा प्रश्न असा, की काटा खरे बोलतो आहे का? तेलातला संवेदक तापला की त्याचा विद्युत्-रोध कमी होतो आणि काटा वर चढतो. पण त्याची तार सोलून गाडीच्या पत्र्याला टेकली, तरीही काटा थेट वर जातो. तेल मात्र ठीकच असते! म्हणून कारागीर संवेदक काढून उकळत्या पाण्यात धरतात. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांना उकळते. काट्याने तेवढेच दाखवायला हवे.

काटा खरा ठरला, तर तिसरा प्रश्न येतो: ताप केव्हा चढतो? या गाडीच्या अनेक नमुन्यांत तेल थंड करणारी एक जाळी पुढच्या चाकाजवळ असते. तिला वारा मिळतो तो गाडीच्या वेगामुळे. उसाच्या बैलगाड्यांमागे रांगत जातानाच काटा चढत असेल, तर या वाऱ्याचा तुटवडा असावा. मोकळ्या रस्त्यावर वेगात चढत असेल, तर पंख्याचा पट्टा सैल आहे का, फिनमध्ये धूळ आणि पाचटाचे तुकडे अडकले आहेत का, तेल कमी आहे का, ठिणगी उशिरा पडते का, हे पाहावे लागते.

आणखी एक युक्ती आहे. जाळीकडे जाणाऱ्या नळीच्या वाटेवर एक झडप असते. तेल सुमारे ८५ अंशांवर गेले की ती उघडते. इंजिनातले तेल चांगले तापले आहे, पण जाळीकडची नळी गारच आहे, असे दिसले तर झडप अडकली असावी. मात्र नळीला हात लावू नका. लांबून तापमान सांगणारा तापमापक कारागिराकडे असतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचे, हा नियम विसरू नका. पट्टा, तेल आणि झडप एकदमच बदलली, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही.

अशी गाडी आपल्याला क्वचितच दिसेल. पण इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या विहिरीवर हवेने थंड होणारा डिझेल पंप असतो, तिथेही हेच शास्त्र लागू पडते. पीक सुकायला लागले असताना पंप जाम झाला, तर नुकसान केवढे! फिनवरची धूळ वेळीच झाडली, तर ते टळू शकते.

करून पाहा: तीन सारख्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एक पेला पंख्यासमोर ठेवा, दुसराही पंख्यासमोरच, पण त्याच्यापुढे पुठ्ठा उभा करा, आणि तिसरा वारा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. दर दोन मिनिटांनी तापमापकाने तापमान मोजून आलेख काढा. कोणता पेला आधी थंड झाला आणि का?