डोळ्याला हवा कुठून मिळते?

माझ्या ताईने दिवाळीत काँटॅक्ट लेन्स घेतली. आजी लगेच म्हणाली, "अगं, बुबुळावर झाकण घातलंस, डोळा गुदमरेल की!" आम्ही सगळे हसलो. वर्गात सांगितलं तर मुलंही हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजींचं खरं आहे. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यात रक्त फिरत नाही. तो प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून घेतो."

मग लेन्समधून हवा जाते कशी? तिला तर भोक नाही!

बाईंनी प्रयोग सांगितला. रविवारी आईने चायना ग्रास उकळून काचेच्या पेल्यात थिजवून दिलं. सकाळी सातला मी त्यावर खायच्या लाल रंगाचं पाणी ओतलं. आठ वाजता फूटपट्टी लावली. रंग ३ मिलिमीटर खाली उतरला होता. मी मित्राला म्हणालो, "अकराला १२ होणार. पैज!" अकराला भरले फक्त ६. दुपारी चारला ९. पैज हरलो, म्हणून हा आठवडाभर शाळेचा माठ मीच भरतोय.

असं का झालं? चायना ग्रासमध्ये बारीक धाग्यांचं जाळं असतं आणि जाळ्यात पाणी अडकलेलं असतं. रंगाचे कण त्या पाण्यातून जातात, पण सरळ नाही. पाण्याचे कण त्यांना सारखे ढकलतात, कधी पुढे, कधी मागे. जत्रेतल्या गर्दीत आपलं होतं तसंच. म्हणून दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. लहान कण जाळ्यातून निसटतात, फार मोठे अडकतात.

ताईची लेन्सही अशीच, पाण्याने फुगलेल्या जाळ्याची. प्राणवायूचे कण तर रंगापेक्षाही लहान. तरी वाट लांब नको, म्हणून लेन्स जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड ठेवतात.

अशी मऊ लेन्स ओटो विख्तर्ले या शास्त्रज्ञाने १९६१ च्या नाताळात प्राग शहरात, घरच्या टेबलावर तयार केली. यंत्र कशाचं? मुलांच्या खेळण्यातल्या पट्ट्या आणि सायकलचा डायनामो! (माझ्या सायकलचा डायनामो बिघडलेला आहे.)

झोपल्यावर पापणी मिटते, हवा आणखी कमी पोचते. म्हणून डॉक्टरांनी ताईला रात्री लेन्स काढायला सांगितलंय. ती विसरते. आजी मात्र रोज अंथरुणातून हाक मारते, "काढलंस का गं ते झाकण?"